पडला तो पडला

मराठीत खेळातले मरण फार स्वस्त आहे. हुतूतूच्या मैदानावर 'गडी मेला' असे आपण सहज म्हणतो आणि पुढच्याच चढाईला तो 'जिवंत झाला' असेही म्हणतो. जुन्या हुतूतूचे तीन प्रकार प्रसिद्ध आहेत. 'संजीवनी'त प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक बाद गडी उठून मैदानात येतो. 'गामिनी'त बाद झालेला गडी, सारा संघ बाद होईपर्यंत, बाहेरच बसून राहतो. 'अमर' प्रकारात बाद होऊनही कोणी बाहेर जात नाही. फक्त गुण मोजले जातात. मरणाविषयी माणसाने ज्या कल्पना केल्या, म्हणजे परत येणे, न येणे आणि मरणच नसणे, त्या तिन्ही आपल्या पूर्वजांनी फक्कीच्या चार रेघांत बसवल्या होत्या.

घरात बसून खेळायच्या खेळांतही हेच. सारीपाटावर सोंगटी मारली गेली तर ती पुन्हा पहिल्यापासून वाट चालू लागते. श्रम वाया गेले, जीव गेला नाही. बुद्धिबळात मात्र मारलेला मोहरा पटाच्या कडेला जाऊन बसतो. पण घोडा गेला म्हणून हळहळणारा खेळाडू घोड्यासाठी हळहळत नाही, स्वतःच्या डावासाठी हळहळतो. त्या घोड्याला नाव नाही, गाव नाही. पुढच्या डावात तोच लाकडी घोडा त्याच घरात उभा असतो.

त्या घोड्याला नाव दिले तर? त्याला घरदार, बोलण्याची लकब, एखादा मित्र आणि एखादी भीती दिली, आणि मग नियम केला की तो एकदा पडला की या कथेत पुन्हा कधीही येणार नाही, तर? हा प्रश्न जपानमध्ये एका माणसाने विचारला आणि त्याच्या उत्तरादाखल एक खेळ रचला. त्या खेळाविषयी थोडे लिहावे असे बरेच दिवस मनात होते. आपल्या पत्रिकेच्या वाचकांना व्हिडिओ गेम हा विषय काहीसा परका वाटेल, याची जाणीव आहे. परंतु बुद्धिबळाचा पट ज्यांच्या घरात आहे त्यांना तो समजायला अवघड नाही.

२० एप्रिल १९९० रोजी निन्टेंडो कंपनीच्या 'फॅमिकॉम' या घरगुती खेळयंत्रासाठी 'फायर एम्ब्लेम' मालिकेतला पहिला खेळ बाजारात आला. तो इंटेलिजंट सिस्टिम्स या संस्थेने तयार केला. त्याचे रचनाकार शोझो कागा. त्या काळी जपानमध्ये दोन प्रकारचे खेळ लोकप्रिय होते. एक युद्धनीतीचे. याच संस्थेचा १९८८ सालचा 'फॅमिकॉम वॉर्स' त्यांपैकी एक. त्यात रणगाडे आणि पलटणी भराभर नष्ट होत आणि कारखान्यातून नव्या येत. दुसरा प्रकार भूमिका वठवण्याच्या खेळांचा. 'ड्रॅगन क्वेस्ट' हे त्याचे गाजलेले उदाहरण. तिथे प्रत्येक वीराला नाव होते, पण तो मेला तर देवळात जाऊन मोहरा मोजल्या की पुन्हा उठून बसत असे. म्हणजे एकीकडे मरण होते, पण माणसे नव्हती. दुसरीकडे माणसे होती, पण मरण नव्हते. कागा यांनी ही दोन्ही एका पटावर आणली.

एक खुलासा करायला हवा. मेलेला वीर परत न येण्याची कल्पना त्याआधीही होती. १९८० च्या 'रोग' या अमेरिकी खेळात भुयारात उतरलेला एकुलता एक वीर मेला की यंत्र त्याची जपून ठेवलेली नोंदही पुसून टाकी. परंतु तिथे वीर मेला की डाव संपे. मागे कोणी उरतच नसे, मग शोक कोणी करायचा? फायर एम्ब्लेममध्ये नायक पडला तरच डाव संपतो. बाकी कोणीही पडला तरी युद्ध चालू राहते, कथा चालू राहते, आणि उरलेल्यांना त्याच्यावाचून पुढे जावे लागते. मरण हे जाणाऱ्यापेक्षा मागे राहणाऱ्यांना अधिक भोगावे लागते, ही गोष्ट या खेळाने बरोबर ओळखली होती.

माझा या मालिकेशी परिचय तिच्या सातव्या खेळापासून झाला. २००३ साली तो अमेरिकेतही प्रसिद्ध झाला आणि जपानबाहेर गेलेला या मालिकेतला पहिला खेळ ठरला. माझा भाचा सुट्टीत इंदूरला आला तेव्हा 'गेम बॉय ॲडव्हान्स' नावाचे तळहाताएवढे यंत्र घेऊन आला होता. "मामा, तुम्ही बुद्धिबळ खेळता ना, मग हे बघा," असे म्हणून त्याने ते माझ्या हातात दिले आणि परत जाताना ते माझ्यापाशीच ठेवून गेला.

पट चौकोनांचा, चाली आळीपाळीने. प्रत्येक लढाई म्हणजे कथेतले एक प्रकरण. तलवार कुऱ्हाडीवर भारी, कुऱ्हाड भाल्यावर भारी आणि भाला तलवारीवर भारी. पंख असलेल्या घोड्यावर बसून नदी-डोंगर ओलांडणारी तरुणी धनुष्याच्या एका बाणाने कोसळू शकते, म्हणून तिरंदाज कुठे उभा आहे हे पाहिल्याशिवाय तिला हलवायचे नाही. हे सारे चार दिवसांत अंगवळणी पडते. अंगवळणी पडत नाहीत ती माणसे.

त्यांपैकी एकाविषयी सांगतो. डॉर्कस नावाचा एक धिप्पाड, अबोल कुऱ्हाडवाला या कथेत येतो. त्याच्या बायकोचा पाय अधू आहे. औषधपाण्याला पैसा हवा म्हणून तो दरोडेखोरांच्या टोळीत शिरलेला असतो. लढाईच्या ऐन मध्यावर आपल्या बाजूच्या लिन या तरुणीला त्याच्यापर्यंत नेऊन त्याच्याशी बोलायला लावले तर तो शरमतो आणि आपल्याकडे येतो. तो फार मोठा योद्धा नाही. पुढे त्याच्याहून सरस वीर मिळतात. पण ज्याला आपण शत्रूच्या रांगेतून बोलून बाहेर काढले, त्याला लढाईत पुढच्या घरावर ठेवताना हात जरा अडखळतो.

शिवाय या खेळात शेजाराचे मोल आहे. दोन व्यक्ती चालीमागून चाली एकमेकांच्या शेजारच्या घरांत उभ्या राहिल्या तर त्यांच्यात हळूहळू ओळख वाढते आणि कधीतरी त्या बोलू लागतात. एका जोडीची अशी जास्तीत जास्त तीन संभाषणे होतात आणि एका व्यक्तीच्या वाट्याला साऱ्या कथेत मिळून पाचच येतात. दुसऱ्या संभाषणानंतर जोडीतला एक जण पडला तर तिसरे संभाषण होत नाही. ते लिहिलेले असते, यंत्राच्या पोटात कुठेतरी असते, पण त्या डावात ते कोणीही वाचणार नाही. मला या खेळातल्या मरणाचे खरे रूप तिथे दिसले. पडणारा एखादे शेवटचे वाक्य बोलतो आणि पटावरून पुसट होत जातो, ते क्षणभराचे असते. पुढच्या लढाईपूर्वी नावांची यादी समोर येते आणि तिच्यात एक नाव कमी असते, तेव्हा आत काहीतरी हलते.

हे मरण येते कसे, तेही पाहण्यासारखे आहे. प्रत्येक घावापूर्वी तो लागण्याची शक्यता टक्क्यांत दाखवली जाते. गणिताचा शिक्षक म्हणून मला यातली एक गंमत फार आवडली. नव्वद टक्के म्हटले की माणसाचे मन ते 'नक्की' असे वाचते आणि दहांतून एकदा घाव हुकला की यंत्राने फसवले असे म्हणते. म्हणून त्या काळच्या या मालिकेतील खेळांत यंत्र एकाऐवजी दोन यादृच्छिक आकडे काढून त्यांची सरासरी घेते. त्यामुळे पडद्यावर नव्वद लिहिलेले असते तेव्हा घाव लागण्याची खरी शक्यता अठ्ठ्याण्णवच्या आसपास असते आणि दहा लिहिलेले असते तेव्हा जेमतेम दोन. आपल्या मनाच्या कलाने घेणारे हे गणित आहे. मात्र प्राणघातक घावासाठी ही सवलत नाही. तिथे एकच आकडा निघतो. तीन टक्के म्हणजे तीन टक्केच. शंभरदा आपण त्या तीनकडे 'एवढे तर एवढे' म्हणून पाहतो, आणि माणसे त्या 'एवढ्या'तूनच जातात.

आणि तरीही या खेळात माणसे मरत नाहीत. हे वाचून वाचक गोंधळतील, पण ज्यांनी तो खेळला आहे ते हसतील. कारण कोणी पडले की बहुतेक खेळाडू यंत्र बंद करतात आणि ते प्रकरण पहिल्या चालीपासून पुन्हा खेळतात. तासाभराची लढाई एका कुऱ्हाडवाल्यासाठी मोडून टाकतात. न परतणाऱ्या मरणाचा नियम करावा आणि त्याच नियमामुळे खेळाडूने कोणालाच मरू देऊ नये, असा हा उलटा न्याय. कोणी याला नियमाची फजिती म्हणेल. मला ती फजिती वाटत नाही. बुद्धिबळात घोडा गेला म्हणून कोणी डाव पुन्हा मांडत नाही. इथे एका माणसाचे मोल ठरते, आणि ते खेळाडूच्या स्वतःच्या आयुष्यातल्या वेळाने चुकवले जाते. एक तास देऊन डॉर्कस परत आणायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

पुढे हे मोल कमी कमी होत गेले. २०१० मध्ये केवळ जपानमध्ये निघालेल्या एका खेळात प्रथमच असा पर्याय आला की पडलेली माणसे पुढच्या प्रकरणात परत यावीत. २०१२ च्या 'अवेकनिंग'मध्ये तो पर्याय जगभर पोहोचला आणि डबघाईला आलेली मालिका तरली. २०१५ मध्ये पडलेला वीर पुढच्याच चालीला उठून उभा राहण्याची सोय झाली. २०१७ आणि २०१९ च्या खेळांत कथेतच एक दैवी शक्ती आली, जिच्यामुळे काही मोजक्या वेळा काळ मागे फिरवून चुकलेली चाल बदलता येते. संजीवनी, गामिनी, अमर हे तिन्ही प्रकार या मालिकेने अशा रीतीने ओळीने वापरून पाहिले.

जुने खेळाडू या बदलांवर रुसले. त्यांच्या रुसव्यात मला थोडी मर्दुमकीची प्रौढी दिसते. नोकरी, संसार सांभाळून रात्री अर्धा तास खेळणाऱ्याकडून तासाचा दंड मागणे योग्य नव्हे. कथा सुरू होण्यापूर्वीच यंत्र आता विचारते की मरण कायमचे हवे की तात्पुरते, आणि प्रत्येकाने आपल्या कुवतीप्रमाणे उत्तर द्यावे. माझ्यापुरते म्हणाल तर मी जुन्या नियमानेच खेळतो. काठिण्य हे त्याचे कारण नव्हे. परत न येणाऱ्या माणसाकडे आपण अधिक लक्ष देतो, एवढेच त्याचे कारण. चाल करण्यापूर्वी दोनदा पाहतो, तिरंदाज कुठे आहे, वाट कुठे अडते, कोण एकटे पडले आहे. हे पाहणे मला हवेसे वाटते.

या मालिकेतला १९९६ चा खेळ या बाबतीत वेगळा आहे. त्याच्या नावाचा अर्थ 'धर्मयुद्धाची वंशावळ'. अर्धा खेळ आपण एका पिढीला जिवापाड जपत नेतो. कोणी पडले की मागे जातो, पुन्हा खेळतो, सारे सुखरूप ठेवतो. आणि पहिल्या पिढीच्या शेवटी, विजयाच्या स्वागतासाठी म्हणून बोलावलेल्या राजधानीच्या वेशीवर दगा होतो. नायकासह त्यातले बहुतेक लोक जळून मरतात. तिथे कोणतेही बटण चालत नाही. कितीही वेळा खेळा, ती रात्र टळत नाही. पुढचा अर्धा खेळ त्यांच्या मुलांचा. ज्यांची लग्ने जुळली त्यांच्या मुलांत आईबापांचे गुण आणि शस्त्रे उतरतात. ज्यांची नाही जुळली, त्यांच्या जागी दुसरी कोणी मुले उभी राहतात. आपल्या हातून होणारे मरण आणि कशानेही न टळणारे मरण, ही दोन्ही एकाच खेळात शेजारी ठेवली, म्हणून तो मला मोठा वाटतो.

हे सर्व मला केवळ विचार म्हणून सुचलेले नाही. माझा धाकटा भाऊ २००९ च्या जानेवारीत हृदयविकाराने गेला. सकाळी त्याने फिरायला जाण्यासाठी पायमोजे चढवले, आणि अर्ध्या तासात सर्व संपले. कोणालाही काही करता आले नसते, हे डॉक्टरांनी नंतर शांतपणे समजावून सांगितले आणि बुद्धीला ते पटलेही. पण मन बुद्धीचे ऐकत नव्हते. ते रोज रात्री त्या सकाळी परत जाई आणि एकेक चाल बदलून पाही. त्याला आदल्या दिवशी आपल्याकडे राहायला बोलावले असते तर? सहा वाजता फोन केला असता तर? तो पायमोजे घालत होता त्याऐवजी चहा घेत असता तर? शोक म्हणजे काय असते, हे मला तेव्हा माझ्या त्या यंत्राच्या भाषेत कळले. शोक करणारा माणूस तेच प्रकरण पुन्हा पुन्हा पहिल्या चालीपासून खेळत असतो. फरक इतकाच की डाव कसाही मांडला तरी शेवट बदलत नाही, आणि तरी मांडणे थांबत नाही.

त्याच उन्हाळ्यात एका संध्याकाळी खेळताना डॉर्कस पडला. तीन टक्क्यांचा घाव. अंगठा सवयीने यंत्र बंद करायच्या कळीवर गेला आणि तिथेच थांबला. मी ती लढाई तशीच पुढे खेळलो. मोठे शौर्य केले असे नव्हे. खेळातला कुऱ्हाडवाला आणि पाठचा भाऊ यांची तुलनाही मी करत नाही, करू धजणार नाही. पण उरलेल्या लोकांना घेऊन पुढची प्रकरणे खेळताना असे जाणवले की ती रिकामी जागा भरून निघत नसली तरी तिच्याभोवती बाकीचे हळूहळू नव्याने उभे राहतात. ज्याला आजवर मागे ठेवले होते असा एक साधा भालाईत पुढे आला आणि टिकला. डाव अवघड झाला, पण चालला. रात्रीचे ते मनातले डाव मांडणे त्यानंतर एकदम थांबले असे म्हणणार नाही. विरळ मात्र होत गेले.

या मालिकेवर एक आक्षेप मी स्वतःच घेतला आहे, तोही नोंदवतो. आपल्या बाजूच्या एकेकाला नाव आहे; समोरच्या बाजूला मोजके सरदार सोडले तर नुसते 'सैनिक', 'लुटारू', 'तिरंदाज'. एका प्रकरणात त्यांतले वीस-पंचवीस आपण सहज मारतो आणि कोणाचेही शेवटचे वाक्य ऐकू येत नाही. डॉर्कसही असाच समोरच्या रांगेत उभा होता. त्याच्याशी बोललो म्हणून त्याला बायको आहे हे कळले. बाकीच्यांशी बोलण्याची सोयच ठेवलेली नाही.

हे वाचताना आपल्यापैकी अनेकांना पानिपतानंतरची ती प्रसिद्ध चिठ्ठी आठवेल. १७६१ च्या जानेवारीत झालेल्या संहाराची वार्ता सावकारी सांकेतिक भाषेत दक्षिणेकडे आली. मोत्ये किती गेली ते तिच्यात मोजले होते, सोन्याच्या मोहरा मोजल्या होत्या, आणि खुर्द्याची गणती नाही असे म्हटले होते. मोत्ये म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. मोहरा म्हणजे सरदार. खुर्दा म्हणजे बाकीचे सगळे. शाळेत ती चिठ्ठी ऐकताना आपले लक्ष मोत्यांकडेच जात असे. या खेळाने माझे लक्ष खुर्द्याकडे नेले. फायर एम्ब्लेमने निदान आपल्या बाजूच्या खुर्द्याला नावे दिली. ज्या काळी संगणकावरील युद्धात माणूस म्हणजे केवळ एक संख्या होती, त्या काळी हे पाऊल लहान नव्हते.

नावे जपण्याची हीच वृत्ती पुढे इतरत्रही दिसते. २०१२ च्या 'एक्सकॉम' या अमेरिकी खेळात तळावर एक स्मारकभिंत आहे. पडलेल्या प्रत्येक शिपायाचे नाव तिथे लागते, आणि पुष्कळ खेळाडू आपल्या शिपायांना मित्रांची, घरच्यांची नावे देतात. फायर एम्ब्लेममध्ये कथेच्या अखेरीस सर्वांची यादी येते. जे वाचले त्यांच्यापुढे दोन-चार ओळींत पुढील आयुष्य असते. कोणी गावी परतला, कोणाचे लग्न झाले. जो पडला त्याच्यापुढे तो कोणत्या प्रकरणात पडला एवढेच.

आपल्या घराण्यांचे कुलवृत्तांत चाळताना हीच रीत दिसते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे इकडे आलेल्या शाखांची पाने पाहावीत. एखाद्यापुढे सनदा, इनामे, वाडे, मुले, नातवंडे असा परिच्छेद असतो. त्याच्याच भावापुढे एखादी ओळ, 'लढाईत पडले', 'निपुत्रिक', 'अल्पवयात निवर्तले', आणि शाखा तिथे थांबते. पूर्वी मी ही नावे ओलांडून आपल्या सरळ वंशाच्या रेघेवरून खाली येत असे. अलीकडे त्या एकेका ओळीपाशी थांबतो. ज्याने ही वंशावळ लिहिली त्याला या नावांचा काही उपयोग नव्हता. त्यांच्यापुढे वंश नव्हता, वाटणी नव्हती. तरी त्याने ती गाळली नाहीत. आमच्या कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीचे काम सध्या चालू आहे, आणि माझ्या शाखेची माहिती मीच लिहून द्यायची आहे. धाकट्याच्या नावापुढे सालाबरोबर दोन-चार ओळी असाव्यात, असे मी संपादकांना कळवले आहे. त्याला पहाटे फिरण्याचा नाद होता, हे त्यांत येईल.